मदत हवी आहे: लेप मासा गळाला लागतो का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. मासेमारी म्हणजे आमच्यासाठी उजनीचा काठ, कणकेचा गोळा आणि चिलापी. समुद्रात गळ कधी टाकलेला नाही.

दिवाळीनंतर आम्ही चौघे मालवणला जाणार आहोत, एक दिवस होडी ठरवून. हट्ट वडिलांचा आहे. मागे त्यांनी तिथे लेप खाल्ला, सोललेला, रव्यात तळलेला. दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला तो चपटा मासा त्यांनी ताटात उलटासुलटा करून पाहिला होता. आता म्हणतात, "स्वतः धरायचा."

फोनवर एक होडीवाले म्हणाले, हमखास मिळवून देतो. दुसऱ्यांनी सरळ सांगितलं, "लेपाचं तोंड एवढंसं, तो वाळूत पडून किडे खातो, जाळ्यातच येतो. उगाच पैसे घालवू नका." मला दुसऱ्यांचंच पटतंय, पण वडिलांना कोण सांगणार!

तर जाणकारांनो, बारीक गळ, शिशाचं वजन आणि कोळंबीचा तुकडा तळाशी सोडला तर लेप लागेल का? की भाकसाच्या मागे जावं? तोही चपटाच, पण तोंड मोठं आणि दात आहेत म्हणे. भरती बघून निघायचं की ओहोटी? होडीचं भाडं तासावर ठरवावं की दिवसावर? लाइफ जॅकेट तिथे मिळतात का? वडील ६८ वर्षांचे आहेत, पोहणं फक्त विहिरीतलं.

आणि होडी लागू नये म्हणून काय करता, तेही सांगा. उजनीत ही भानगड नसते.