कोलेस्टेरॉलसाठी फोंड्यात चांगली लॅब सुचवा (बजेट 700, दोन रिपोर्ट जुळत नाहीत)

अंत्रुजची_बाय: नमस्कार. बाबा 66 वर्षांचे, राहायला कवळ्याला. मार्चमध्ये त्यांचं लिपिड प्रोफाइल केलं: एकूण कोलेस्टेरॉल 232, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 38, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 190, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 156. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, बाबांनी सुरू केली नाही. परवा दुसऱ्या लॅबमध्ये केलं: एकूण 241, एचडीएल 37, ट्रायग्लिसराइड 385, एलडीएल 127. आता बाबांचा जप सुरू आहे, "बघ, वाईट कोलेस्टेरॉल आपोआप उतरलं, गोळी कशाला?" कुठला रिपोर्ट खरा धरायचा? तिसऱ्यांदा करून घ्यायचा विचार आहे. फोंड्याच्या आसपासची भरवशाची लॅब सांगा, घरी येऊन रक्त नेणारी असेल तर उत्तम. बजेट 700 रुपये. बाबा सुईला घाबरतात, पण कबूल करत नाहीत.

म्हापशेचो_शेट: 700 मध्ये आता काय येतं? मी दरवर्षी फुल बॉडी पॅकेज घेतो, 2800 ला ऐंशीच्या वर टेस्ट. डी, बी12, लोह, सगळंच. वर रंगीत पुस्तक देतात. माझं सगळं हिरवं आलं, एकटं डी लाल. ते लोक फोंड्याला येतात का ते मात्र ठाऊक नाही.

पेडणेकर_पात्रांव: लॅब सोडा, आधी घरातलं तेल बदला. खोबरेल तेलावर या, सगळं जागेवर येईल. आमच्या आजीने नव्वदीपर्यंत तेच खाल्लं.

नुस्त्याची_कडी: पात्रांव, खोबरेल तेलाने एलडीएल वाढतं. आजी शेतात राबत होती, हे बाबा बहुतेक टीव्हीसमोर.

पेडणेकर_पात्रांव: नारळात कोलेस्टेरॉल नसतंच मुळी. बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचा.

नुस्त्याची_कडी: कुठल्याच वनस्पती तेलात नसतं, त्यात मिरवायचं काय? खोबरेल तेलातली संपृक्त चरबी नव्वद टक्क्यांच्या घरात आहे. तिच्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. आमटीत नारळाचा रस घालू नका असं कोणी म्हणत नाही, पण औषध म्हणून तेल सांगू नका.

कुवेतवाला_काणकोणकर: 232??? देवा! माझं गेल्या महिन्यात इथे केलं, फक्त 5.9 आलं. रोज चालतो. बाबांनाही चालायला लावा.

डिचोलीचा_लॅबवाला: काणकोणकर, तुमचा आकडा मिलिमोलमध्ये आहे, बाबांचा मिलिग्रॅममध्ये. 38.67 ने गुणा. 228 येतात. तुम्ही आणि बाबा एकाच पंगतीत बसलाय.

आता बाय, तुमच्याकडे वळतो. मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हा घोळ आमच्या टेबलावर रोज येतो. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. 1972 चं फ्रीडवाल्ड सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. पहिल्या रिपोर्टात 232 वजा 38 वजा 38, बरोबर 156. दुसऱ्यात 241 वजा 37 वजा 77, बरोबर 127. म्हणजे दोन्हीकडे एलडीएल हिशोबाचंच आहे. तो पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएलमधल्या (ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांमधल्या) कोलेस्टेरॉलचा अंदाज. ट्रायग्लिसराइड चढलं की अंदाज फुगतो आणि एलडीएल खोटं कमी दिसतं. 400 च्या वर तर हे सूत्र वापरायचंच नाही, आणि तुमचे 385 त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

बाबांना दाखवायचा आकडा वेगळाच आहे: एकूणमधून एचडीएल वजा, म्हणजे नॉन-एचडीएल. सगळं वाईट कोलेस्टेरॉल त्यात एकत्र येतं, आणि ट्रायग्लिसराइडचा अंदाज मधे येत नाही. मार्चमध्ये 194, आता 204. तेव्हा "उतरलं" हे या रिपोर्टावरून म्हणता येत नाही. दहाचा फरक दोन लॅबमुळे किंवा रोजच्या चढउतारानेही पडतो, म्हणून "वाढलं" असंही मी ठासून सांगणार नाही.

परवा रक्त दिलं त्याच्या आदल्या रात्री काय खाल्लं-प्यायलं होतं?

अंत्रुजची_बाय: चुलत भावाकडे बारसं होतं. शागोती, वडे, गोडधोड. प्यायले म्हणाल तर लिंबूसोडा, असं बाबा सांगतात.

वास्कोचो_बाब्या: मे महिन्यात लिंबूसोडा? बाय, ग्लासात हुर्राक (काजूची दारू) होता. मी पैज लावतो.

म्हापशेचो_शेट: हाहा. पण पॅकेजवाले आधीच मेसेज करतात, बारा तास उपाशी राहा म्हणून. म्हणून सांगतो, पॅकेज घ्या.

सांगेची_सून: उपाशी राहायची गरज नाही आता! आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेवूनही चालतं.

डिचोलीचा_लॅबवाला: दोघांचंही अर्धं खरं. पहिल्या चाचणीला उपास लागत नाही, 2024 मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही तेच सांगितलं. जेवणाने एकूण आणि एचडीएल फारसं हलत नाही. हलतं ट्रायग्लिसराइड. ते इतकं वर आलंय तर यांनी दहा-बारा तास उपाशी राहूनच द्यावं. पाणी चालेल. दोन-तीन दिवस आधीपासून लिंबूसोडाही बंद. ताप किंवा डेंग्यू होऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा, आजारात कोलेस्टेरॉल खोटं खाली येतं. रक्त देण्याआधी दहा मिनिटं शांत बसवा. लॅबला एनएबीएल (लॅबची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का बघा, आणि "डायरेक्ट एलडीएल" करता का तेही विचारा. थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतं, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) कधी केलं होतं?

मडगावची_माई: मी सांगते ते कोणी सांगणार नाही. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) मोजून घ्या. माझ्या भावाचं कोलेस्टेरॉल नॉर्मल, सिगारेट नाही, तरी 41 व्या वर्षी ॲटॅक आला. नंतर ते 92 मिलिग्रॅम निघालं, 50 च्या वर जोखीम धरतात. ते आईबापांकडून येतं, पथ्याने हलत नाही, म्हणून जन्मात एकदा मोजलं तरी बहुधा पुरतं. मी हजाराच्या वर मोजले. 700 त बसणार नाही, पण जिवापेक्षा पैसे मोठे का?

वास्कोचो_बाब्या: बोटाला टोचून घरी बघायची मशीन घ्या. मी घेतलीय. पट्ट्यांची मुदत संपली, म्हणून सध्या कपाटात आहे.

नुस्त्याची_कडी: नॉन-एचडीएल बघा. लॅबवाल्यांनी सांगितलंच आहे, मी परत सांगतेय. मधेच खोबरेल तेल येतं आणि धागा भरकटतो.

पेडणेकर_पात्रांव: भरकटला कोणामुळे?

अंत्रुजची_बाय: सगळ्यांचे आभार. लॅबवाले दादा, वजाबाकी बाबांसमोर कागदावर करून दाखवली. त्यांनी दोनदा तपासली, मग चष्मा काढून ठेवला. टीएसएच गेल्या वर्षी केलं होतं, नॉर्मल. हुर्राकाबद्दल आईने साक्ष दिली, बाब्या जिंकला.

चौकशी केली तर डायरेक्ट एलडीएलवाली एनएबीएल लॅब मिळाली, 650 मध्ये, घरी येऊन. बाबा नाही म्हणाले. त्यांना देवळाजवळची मार्चवालीच लॅब हवी, कारण तिथल्या मुलीला पहिल्या टोचण्यात शीर सापडते. तिथे डायरेक्ट होत नाही, घरी येत नाहीत, मान्यतेचा कागदही भिंतीवर दिसला नाही. पण मार्चचा रिपोर्ट तिथलाच, निदान तुलना तरी होईल असं मी मनाला समजावलं. सोमवारी उपाशी घेऊन जाते. 350 रुपये. लिपोप्रोटीन-ए डॉक्टरांना विचारून माझं आणि दादाचंही करेन, माई. गोळीचंही त्यांनाच विचारू.

डिचोलीचा_लॅबवाला: मी डायरेक्टवालीकडेच गेलो असतो. पण तिथे नेताय तर ट्रायग्लिसराइड खाली आलं का ते आधी बघा. ते 200 च्या आत असेल तर हिशोबाचं एलडीएल बऱ्यापैकी धरून चालता येतं.

सांगेची_सून: 650 वाली कोण? सांग्याला येतात का? व्यनि करा.

म्हापशेचो_शेट: 350 मध्ये डी नाही येणार हां.