आयडलिंग बिघडलं: आधी स्क्रू, की आधी चोरटी हवा?

पद्मिनी_८९
गाडी १९८९ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), मुक्काम पुणे. गेल्या महिन्यात सिग्नलला उभी राहिली, म्हणजे आयडलिंगला आली, की थरथरायची आणि बंद पडायची. पळताना काहीच तक्रार नाही. दोन गॅरेजांत नेली, दोन्हीकडे रेसचा (इंजिनाचा वेग वाढवणारा) स्क्रू आवळून दिला. बंद पडणं थांबलं, पण इंजिन उभ्या जागी ओरडायला लागलं आणि पेट्रोल जास्त प्यायला लागलं. शेवटी रविवारी मीच पाना घेतला. कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग एका कोपऱ्यात चिरलं होतं.

माझं मत ठाम आहे: चोरटी हवा, म्हणजे फटींतून शिरणारी जादा हवा, शोधल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावू नये. आयडलिंगला थ्रॉटल (रेसची झडप) जवळजवळ मिटलेला असतो, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम जोरदार असतो, म्हणून केसाएवढी फटही हवा खेचते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. रेस वाढली की इंजिन इतकी हवा घेतं की ती फट त्यात जाणवतच नाही. तपासायला सोपं आहे. इंजिन गरम करा, चोक (हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप) थोडा ओढा. सावरलं तर हवा शिरतेय.

तेलकट_हात
शेवटचं वाक्य चूक आहे, आणि त्यापायी लोक नाहक खर्चात पडतात. चोकने एवढंच कळतं की मिश्रण पातळ आहे. का पातळ आहे, ते कळत नाही. स्लो जेटमध्ये (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात) कचरा अडकला तरी चोक ओढल्यावर इंजिन असंच सावरतं. नवीन पॅकिंग घालून, फ्लँज (कार्बोरेटर बसतो ती सपाट कड) घासूनही दुखणं तसंच राहिलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. जेट काढून हवेने फुंकला की काम होतं.

आणि मुळात कार्बोरेटरकडे शेवटी वळायचं. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंटची (ठिणगीच्या संपर्कांची) फट, मग टायमिंग (ठिणगीची वेळ). इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर नीट इन्सुलेटेड पक्कडने काढून बघा. एखादी काढल्यावर चालीत फरकच पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासून काम करत नाहीये. तिथे पॅकिंग काय करणार?

आठशेवाला
माझी जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८००. माझा कौल हवेला. या गाडीत व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या बऱ्याच, आणि वर्षानुवर्षं उष्णता खाऊन टोकाला कडक होऊन तडकतात. एकेक नळी चिमटीत दाबून बघायची, जिथे चाल बदलेल तिथे थांबायचं. मी जोडांवर कार्ब क्लीनरही मारतो, रेस बदलली की गळती सापडली.

तेलकट_हात
क्लीनर चालू इंजिनावर मारू नका. खाली तापलेला एक्झॉस्ट, बाजूला ठिणग्या टाकणारा डिस्ट्रिब्युटर. भडका उडायला एवढं पुरतं. साध्या पाण्याचा बारीक फवारा जोडावर मारा, वायरी वाचवून. फट मोठी असेल तर चाल क्षणभर बदलते.

घाटमाथा
इथेनॉलबद्दल कुणीच बोललं नाही. पेट्रोलला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे त्याच जेटमधून ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) गेलं, तर एकही गळती नसताना मिश्रण पातळ होतं. तिथे मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण जुळवणारा) थोडा उघडणं हाच खरा उपाय. "एकाही स्क्रूला हात लावू नये" हे म्हणूनच पटत नाही. शिवाय जुनी रबरं इथेनॉलने खराब होतात, तेही तपासा.

पद्मिनी_८९
स्लो जेटचा मुद्दा मान्य, चोकबद्दल मी घाईने लिहिलं. इथेनॉलचा विचार केलाच नव्हता. पण क्रम मी सोडणार नाही. हवा शिरत असताना मिक्श्चर स्क्रू उघडला तर एका सिलिंडरला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला कमी, आणि उद्या पॅकिंग बदललं की सगळं पुन्हा जुळवायचं.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मोजणारं) लावणाऱ्यांना एक सूचना: समुद्रसपाटीला निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. पुणे साडेपाचशे मीटरवर, इथे जवळपास दोन इंच कमीच दिसणार. ती गळती समजू नका. काटा सतत थरथरत असेल तर मात्र टॅपेट किंवा व्हॉल्व्ह बघा, इथे तेलकट_हात यांचंच बरोबर.

तेलकट_हात
मग थ्रॉटलची दांडी धरून हलवून बघितलीत का? बुश (दांडी जिच्यात फिरते ती नळी) झिजलं असेल तर हवा तिथूनही येते, आणि नवीन पॅकिंगने ती थांबत नाही.