पेट्रोल इंजिन मेथनॉलवर: जेट तोच चालेल?

कोथरूडकर: मॉडेल रेसिंग बोटीचं पेट्रोल इंजिन मेथनॉलवर घ्यायचंय. कार्बोरेटरला हात न लावता जमेल?

भोसरीचा फिटर: छे हो! किलोभर पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, मेथनॉलला 6.4. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन दुपटीहून जास्त. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं इंधन सोडणारं बारीक भोक, मोठा केला नाहीत तर इंधन कमी पडून पिस्टन गेलाच समजा. मजा अशी, की वाफ होताना ते इतकी उष्णता ओढतं की कार्बोरेटरवर बाहेरून दव धरतं. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवता येतं. पण काम झालं की टाकी रिकामी करा. ॲल्युमिनियम खातं, पांढरी भुकटी साचते.

सिंहगडरोडवाला: ज्योत उन्हात दिसत नाही, सांभाळून!

कोथरूडकर: चाचणी खडकवासल्यात?

भोसरीचा फिटर: अहो, तेच पाणी पुणं पितं. मेथनॉल विषारी आहे. दुसरं तळं शोधा.