शाफ्टच्या फटीपाशी ताण वाढतच चाललाय, मेश (मॉडेलची जाळी) कुठवर बारीक करू?

मिरकरवाडा_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. पावसाळी बंदीत काकांचा ट्रॉलर वर ओढला आणि प्रोपेलरचा ८० मिमी शाफ्ट काढला. डाय पेनिट्रंट (फटीत शिरणारा लाल रंग) मारल्यावर कीवेच्या (चावीच्या खोबणीच्या) कोपऱ्यात, पांढऱ्या डेव्हलपरवर ११ मिमीची लाल रेघ हळूहळू उमटली. अल्ट्रासॉनिकमध्ये खोली ४ मिमी आली. काकांना नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात हवी आहे. मला मात्र ही फट किती घातक आहे ते आधी कळायला हवं.

संगणकावर शाफ्टचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून त्रिमितीत मॉडेल केलं, फटीच्या दोन्ही बाजूंचे नोड (तुकड्यांचे जोडबिंदू) वेगळे ठेवले. टोकाशी एलिमेंट १ मिमी घेतला तेव्हा ताण ३१२ मेगापास्कल, ०.५ ला ४३८, ०.२५ ला ६२१. कुठे थांबायचं? का फटीऐवजी अर्ध्या मिमीची खाचच कापू?

जाळीकर
खाच नको, नोड वेगळे ठेवलेत तेच बरोबर आहे. आता तुमचेच आकडे भागून बघा: ४३८/३१२ म्हणजे १.४०, ६२१/४३८ म्हणजे १.४२. दोन्ही वेळा २ चं वर्गमूळ! लवचिक सिद्धांतात फटीच्या टोकाजवळचा ताण अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि टोकावर अनंत होतो. मेश कितीही बारीक केली तरी तो थांबणार नाही, म्हणून तो वाचायचाच नाही. वाचायचा तो के, म्हणजे ताण-तीव्रता गुणांक, आणि तोही फ्रंटच्या (फटीच्या आतल्या कडेच्या) प्रत्येक बिंदूवर वेगळा.

त्यासाठी फ्रंटभोवती नळीसारखी मेश करा. २० नोडच्या विटेची एक बाजू मिटवून पाचर करायची आणि तिचे मधले नोड टोकापासून पाव अंतरावर सरकवायचे. ही युक्ती १९७५-७६ पासूनची आहे, अजून तितकीच कामाची. मग राईस यांचं १९६८ चं जे-इंटिग्रल काढा; ते टोकाभोवतीच्या कड्यांवर मोजतात आणि त्यातून के मिळतो. पहिलं कडं सोडून द्या. पुढची तीन-चार जुळली की मेश पुरे.

शाफ्टला हात लावण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. मोठ्या ठोकळ्यात मधोमध ५ मिमी त्रिज्येची गोल फट, १०० मेगापास्कलची ओढ. के चं सूत्र २σ√(a/π) (σ ओढीचा ताण, a त्रिज्या), उत्तर २५२ मेगापास्कल√मिमी, म्हणजे सुमारे ८ मेगापास्कल√मी. हे जमलं नाही तर शाफ्टचं उत्तर कुणाला सांगू नका.

वेंगुर्ला_मरीन
दादा, माझ्या दोन चुका सांगतो, तुमच्या वाचतील. भाराने वाकणारा शाफ्ट फिरताना अर्धा फेरा फट मिटते. कॉन्टॅक्ट (दोन पृष्ठभाग भिडले की अडतात ही अट) दिला नव्हता, तर माझ्याकडे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत घुसले होते. आणि पीळ असल्यामुळे जे-इंटिग्रल एकटं पुरत नाही. इंटरॅक्शन इंटिग्रलने के-१, के-२, के-३ (फट उघडणं, घसरणं आणि फाटणं यांचे के) वेगळे काढा.

फ्रंट जिथे बाहेरच्या पृष्ठभागाला भिडतो तिथला आकडा धरू नका, तिथे वर्गमुळाचा नियमच लागू पडत नाही. जरा आतला घ्या. फट किती वेगाने वाढेल ते काढताना हवेतल्या चाचणीचे स्थिरांक वापरू नका. खाऱ्या पाण्यात ती लवकर वाढते.

मिरकरवाडा_वर्कशॉप
दोघांचे मनापासून आभार. ठोकळ्यात २४९ आले! आता शाफ्टची मेश लावतोय.

बोटीचा निर्णय मात्र हिशेबासाठी थांबवला नाही. भर समुद्रात शाफ्ट तुटला तर खलाशी अडकतील, एवढं सांगितलं आणि काका नव्या शाफ्टला तयार झाले. त्याच्या कीवेचा तळाचा कोपरा गोल ठेवायला सांगितलाय, जुन्याचा अगदी धारदार होता. जुना शाफ्ट फटीच्या जागी तोडून उघडणार आहे. मी फ्रंट अर्धलंबवर्तुळ धरलाय, खरा कसा आहे ते डोळ्यांनी बघायचंय. फोटो टाकतो.