समर फॉल्सला आई-बाबांना घेऊन जावं का? (सिॲटलहून)

प्रवरेकाठचा
नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच आलेत, ऑगस्टअखेर परत जातील. रेनिअर, स्नोक्वाल्मी वगैरे बघून झालं. आता ऑफिसमधला एकजण म्हणाला की डोंगरापलीकडे पूर्वेला, कूली सिटीजवळ, वाळवंटात माणसाने केलेला एक धबधबा आहे आणि तो फक्त उन्हाळ्यात वाहतो, नावच समर फॉल्स. आमच्याकडे धबधबा म्हणजे पावसाळा, त्यामुळे मला आधी पटेचना. बाबांची शेती श्रीरामपूरकडे प्रवरेच्या पाटावर, आयुष्यभर पाण्याची पाळी धरण्यात गेलं, त्यामुळे हे ऐकल्यापासून ते मागेच लागलेत. प्रश्न एवढेच: जुलैत नक्की पाणी असतं का, बाबांच्या गुडघ्यांचा त्रास आहे तर चालावं किती लागतं, आणि जाऊन येऊन सहा तास ड्राइव्ह करण्याइतकं ते आहे का?

रेडमंडकर
गेलोय दोनदा. पाणी असतं पण किती असेल ते सांगता येत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा कड्यावरून बारीकशी धार, पोरं हिरमुसली. कारण १९८० च्या दशकात शेजारी वीजघर बांधलंय, पाणी आधी टर्बाइनमधून जातं आणि त्याला पुरून उरेल तेवढंच कड्यावरून पडतं. दुसऱ्यांदा ऐन उन्हाळ्यात गेलो तेव्हा मात्र आवाजच एवढा की बोललेलं ऐकू येईना. गाडी अगदी जवळ जाते, चालणं फार नाही, गुडघ्यांची काळजी करू नका. फक्त पाण्यात कुणी उतरू नका, खालून ओढ भयंकर आहे, मी मनापासून सांगतोय. ऊन कडक असतं, टोपी आणि प्यायचं पाणी भरपूर घ्या, दगडांत हात घालू नका, त्या भागात रॅटलस्नेक असतात.
नुसतं त्यासाठी जाऊ नका पण. सोप लेक, ड्राय फॉल्स, समर फॉल्स आणि जमलं तर ग्रँड कूली धरण असं एका रात्रीच्या मुक्कामात करा. उन्हाळ्यात धरणाच्या भिंतीवर रात्री लेझर शो असतो, फुकट.

पाटकरी
दादा, तुमच्या बाबांना हे दाखवाच. मी पण कॅनॉलवरच्या गावातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा धबधबा म्हणजे सरळसरळ पाटाचं पाणी आहे, दुसरं काही नाही. कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरण आहे, १९४२ साली पूर्ण झालेलं, तिथे १२ पंप पाणी जवळपास २८० फूट वर उचलून बँक्स लेकमध्ये टाकतात, तिथून कूली सिटीजवळ मुख्य कालवा निघतो, सायफन आणि बोगद्यातून पुढे येतो आणि मग कड्यावरून खाली बिली क्लॅप लेकमध्ये पडतो, तोच तुमचा समर फॉल्स. तिथून पुढे परत कॅनॉल, तो फुटून दोन्हीकडे जातो, आणि साधारण ६ लाख ७० हजार एकर भिजतं, बटाटा, कांदा, मका, सगळं. आवर्तन मार्च ते ऑक्टोबर, हिवाळ्यात कॅनॉल बंद आणि धबधबाही बंद. भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल कसा, धरणाची मोरी उघडली की सुरू, तसंच.
आणि वाळवंट का, तर कॅस्केड डोंगर ढग अडवतात, आपल्या माणदेशासारखं. इकडे सिॲटलला झिम्माड आणि तिकडे वर्षाला जेमतेम ८-१० इंच.
एक गोष्ट मात्र बाबांना सांगा. त्याच धरणाच्या फुगवट्यात केटल फॉल्स नावाचा खराखुरा धबधबा बुडाला, तिथे मूळ रहिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या सॅमन धरायच्या. धरणाला मासे चढायला वाटच ठेवली नाही, सॅमन वर येणं कायमचं थांबलं. १९४० मध्ये त्या लोकांनी जमून धबधब्याला निरोप दिला, अश्रूंचा सोहळा म्हणतात त्याला. आपल्याकडे धरणात गावं गेलेली माणसं आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

कातळवेडी
ड्राय फॉल्स अजिबात चुकवू नका!! साडेतीन मैल रुंद आणि ४०० फूट उंच कडा, पाण्याचा थेंब पडत नाही. हिमयुगात हिमनदीने अडवलेल्या मिसुला नावाच्या तळ्याचा बर्फाचा बांध फुटायचा आणि पूर यायचे, त्यांनी कोरलेलंय हे. आणि खडक बघाल तर एकदम घरी आल्यासारखं वाटतं, कारण तोही बेसॉल्टच, थरावर थर, आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त आपला सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आणि इथला बराचसा १.६ कोटीच्या आसपास. मी तर कठड्याशी उभी राहून चक्क रडले. हायवे १७ वर व्हिजिटर सेंटर आहे, डिस्कव्हर पास (स्टेट पार्कात गाडी लावायचा परवाना) घ्यायला विसरू नका.

प्रवरेकाठचा
जाऊन आलो, सगळ्यांचे खूप आभार. नशीब चांगलं, धार जोरात होती. आईने लांबूनच हात जोडले, म्हणाली नारळ आणायला हवा होता. बाबा धबधब्याकडे पाचच मिनिटं बघत होते, मग म्हणाले, पाणी पुढं कुठं जातंय ते दाखव, मग काय, खालच्या कॅनॉलच्या कडेकडेने तासभर गाडी. दोन्हीकडे हिरवंगार आणि पाट संपला की लगेच करडं माळरान, एकदम रेघ मारल्यासारखं. केटल फॉल्सचं सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प होते.
आता त्यांनी कॅनॉलचे फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकलेत आणि तिकडून सकाळपासून एकच प्रश्न येतोय, तिथं एकरी पाणीपट्टी किती पडते? पाटकरी दादा, माहिती असेल तर सांगा.