एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज) साठी टॅक्सचे कागद, पण २०२३ चा रिटर्न चुकून सिंगल म्हणून भरलाय

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, नवरा अमेरिकन सिटिझन आहे, लग्न डिसेंबर २०२२ ला झालं आणि माझं ग्रीन कार्ड नोव्हेंबर २०२३ चं. सिटिझनशी लग्न झालेल्यांसाठीच्या तीन वर्षांच्या नियमाने ऑगस्ट २०२६ पासून एन-४०० भरता येईल असा माझा हिशोब आहे. आता कागद जमवायला बसले तर लक्षात आलं की २०२३ चा रिटर्न आम्ही दोघांनी वेगवेगळा भरला आणि दोघांनीही सिंगल टाकलं!! मी तेव्हा एच-वन बी (नोकरीचा व्हिसा) वर नोकरी करत होते, सॉफ्टवेअरने मागच्या वर्षीचं स्टेटस तसंच पुढे आणलं आणि आम्ही कोणी बघितलंच नाही. २०२४ आणि २०२५ जॉइंट आहेत. रात्री झोप लागत नाहीये, लग्न खोटं आहे असं तर वाटणार नाही ना इमिग्रेशनवाल्यांना? आणि नक्की काय काय न्यायचं?

अंगणातली_तुळस:
आधी शांत हो. हिशोब बरोबर आहे, ग्रीन कार्डची तीन वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीपासून भरता येतं. पण लग्नाची तीन वर्षं मात्र अर्ज करायच्या दिवशी पूर्ण झालेली लागतात, तुझी झालीयत. टॅक्सचं म्हणशील तर शेवटच्या तीन वर्षांचे आयआरएस ट्रान्सक्रिप्ट (अमेरिकन टॅक्स खात्याकडचा रिटर्नचा अधिकृत उतारा), त्यांच्या साइटवर अकाउंट काढलं की फुकट मिळतात. नेहमीच्या पाच वर्षांच्या नियमाने करणाऱ्यांना पाच वर्षांचे लागतात.
वर्षाच्या ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर ते अख्खं वर्ष मॅरिडच धरतात, त्यामुळे सिंगल चूकच आहे. मॅरिड फायलिंग सेपरेट (लग्न झालेलं, पण रिटर्न वेगवेगळे) असतं तर कायद्याने ठीक होतं, फक्त का वेगळं भरलं ते विचारलं असतं. हे अर्जाच्या आधीच दुरुस्त कर, इंटरव्ह्यूला जाऊन समजावत बसू नको.

दक्षिणवारा:
आमचं अगदी हेच झालं होतं म्हणून लिहितोय. १०४०-एक्स (भरलेला रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म) भरायचा. वेगवेगळ्यावरून जॉइंट करायला मूळ मुदतीपासून तीन वर्षं असतात, २०२३ ची मुदत १५ एप्रिल २०२४ होती म्हणजे तुम्हाला एप्रिल २०२७ पर्यंत वेळ आहे. दोघांचा मिळून एकच १०४०-एक्स, दोघांच्या सह्या. एक लक्षात ठेवा, उलटं होत नाही, मुदत गेल्यावर जॉइंटचं सेपरेट करता येत नाही आणि जॉइंटमध्ये टॅक्सची जबाबदारी दोघांवर येते.
आयआरएस ८ ते १२ आठवडे सांगते, कधी १६ पण लागतात, तेव्हा आत्ताच करा. आणि महत्त्वाचं, साध्या रिटर्न ट्रान्सक्रिप्टवर मूळचा रिटर्नच दिसतो, दुरुस्ती दिसत नाही!! मी तोच घेऊन इंटरव्ह्यूला गेलो आणि ऑफिसरसमोर घाम फुटला, नशीब १०४०-एक्स ची कॉपी बॅगेत होती. रेकॉर्ड ऑफ अकाउंट ट्रान्सक्रिप्ट काढा, त्यात दोन्ही येतं. स्टेटचा रिटर्न असेल तर तोही सुधारा.

पाऊलवाट:
खूप खूप आभार दादा, हे ट्रान्सक्रिप्टचं मला कधीच कळलं नसतं. दुरुस्तीत टॅक्स जास्त निघाला तर? एकदम भरायची ऐपत नाही सध्या.

अंगणातली_तुळस:
हप्ते बांधून घे. एन-४०० वर थकीत टॅक्स आहे का असा सरळ प्रश्न आहे, खरं तेच लिही, आयआरएसचं हप्त्यांचं पत्र आणि भरल्याच्या पावत्या सोबत ने. बाकी असणं एक वेळ चालतं, लपवणं चालत नाही.
अजून एक, ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर नॉनरेसिडेंट म्हणून १०४०-एनआर (अनिवासींचा रिटर्न) भरला का असंही विचारतात, तू साधा १०४० (रहिवाशांचा नेहमीचा रिटर्न) भरलायस ना? आणि भारतातल्या एफडीचं व्याज रिटर्नमध्ये दाखवलंयस का, १०४०-एक्स करतेच आहेस तर तेही याच वेळी बघून घे. तिकडची सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा भरावा लागतो, बऱ्याच जणांचं नेमकं तेच राहतं.

पाऊलवाट:
१०४० च आहे. एफडीचं व्याज मात्र नाही दाखवलेलं, आईने माझ्या नावाने ठेवलेली आहे म्हणून डोक्यातच आलं नाही. उद्याच सीएकडून तिन्ही वर्षांचे आकडे मागवते आणि मगच १०४०-एक्स भरते.