अनुभव धागा: लग्नाला घालायची ठसकेबाज चप्पल आणि दुखरे पाय

रानजाई
माळा आवरताना एका खोक्यात सोनेरी सँडल सापडली. धाकट्या जावेच्या लग्नासाठी लिंकिंग रोडवर घासाघीस करून घेतलेली, टाच चांगली चार इंच. ती घालून रिसेप्शनभर उभी होते, आणि फोटोत हसतेय पण कशी! परतताना रिक्षापर्यंत अनवाणी चालले होते, नवऱ्यानं सँडल हातात धरलेली. त्याला अजून आठवतं, मला तर आठवतंच.

आता टाचदुखी कायमची मुक्कामाला आहे. प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळपायाखालच्या पट्ट्याला सूज. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर उभं राहिल्यासारखं होतं, दहा पावलं गेली की जरा सैल पडतं. आणि फेब्रुवारीत भाच्याचं लग्न. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन, सगळं साग्रसंगीत. मी सख्खी आत्या, त्यामुळे एका जागी बसायची सोय नाही. पैठणी आहे, ब्लाउज शिवायला टाकलाय, अडलंय ते पायाशी. डॉक्टरांनी दिलेली काळी जाड चप्पल पैठणीखाली घालवत नाही.

तुम्ही काय करता? लिहा. दुकानं सांगा, जुगाड सांगा, टोमणेही चालतील.

भरलं_वांगं
स्पोर्ट्स शूज. काळे. पैठणीखाली. निऱ्या जमिनीला टेकवून नेसायची, कुणाच्या बापाला कळत नाही. फक्त शूज आधी घालून मग साडी नेसायची, नाहीतर उंचीचा घोळ होतो. पुतणीच्या लग्नात दिवसभर वावरले. एका चुलत सासूबाईंनी पाहिलं, कोपऱ्यात नेऊन विचारलं, "कुठून घेतलेस गं?"

कुंपणावरची
+१. आमच्या हिनं, म्हणजे सुनेनं, स्वतःच्या लग्नात शालूखाली पांढरे स्नीकर्स घातले, त्यावर खडे चिकटवून. मी आधी कपाळाला हात लावला. संध्याकाळी माझे पाय सुजलेले आणि ती नाचत होती.

पायखुटी
मी फिजिओ आहे म्हणून थोडं लांबण लावते. टाच दुखते म्हणून बायका एकदम सपाट, पातळ चप्पल घेतात. ते उंच टाचेइतकंच वाईट. तळपायाखालचा पट्टा टाचेपासून बोटांपर्यंत जातो, सपाट चपलेत तो ताणलेलाच राहतो. उंच टाचेत सगळा भार चवड्यावर. मधलं बघायचं: एक ते दीड इंच, आणि पेन्सिल हील नाही, वेज (पाचरीसारखी सलग टाच) किंवा रुंद ठोकळ्याची टाच. कमानीला आधार हवा, मागून पट्टा हवा. पट्टा नसेल तर चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि रात्री पोटऱ्या बोंबलतात.

दुकानात चप्पल हातात घेऊन वाकवून बघा. बोटांपाशी वाकली तर ठीक, मधेच घडी पडली तर ठेवून द्या. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि लग्नातही तसेच असणार. दोन्ही पायांत घाला, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं.

बंद बूट असेल तर आत सिलिकॉनचा हील कप बसतो, मेडिकलमध्ये मिळतो. आणि आजपासून पोटरीचे स्ट्रेच सुरू करा, लग्नाच्या आदल्या दिवशी नाही. रात्री बर्फ झालेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवा. मधुमेह असेल तर मात्र बर्फ नको.

बाकी नंतर, पेशंट आला.

पंचगंगाकाठ
एवढं कशाला? कोल्हापूरला या, चप्पल लाईनला जावा, माप देऊन करून घ्या. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमावलेलं. तेल पाजून आठवडाभर घरात घालून फिरा, पायाचा आकार घेती ती. पैठणीखाली तिच्यासारखं दुसरं काय शोभतंय सांगा. 2019 ला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आमचे चार जिल्हे न् कर्नाटकातले चार. 2025 ला त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानमध्ये रॅम्पवर तसलीच चप्पल फिरवली, आधी आमचं नावबी घेतलं न्हाई, तवा आख्खं गाव पेटलेलं.

पायखुटी
दादा, कोल्हापुरीवर माझंही प्रेम आहे, पण तळ टणक आणि सपाट. ज्याची टाच दुखते त्याला दिवसभर नको.

पंचगंगाकाठ
मग आतनं मऊ थर लावून घ्यायचा की ताई! आमच्या मातोश्रींना तसंच करून दिलंय, टाचेखाली जरा उंच. जुन्या कारागिराला सांगितलं की करतोय. वाजणारी नको म्हणून सांगा मात्र, न्हाईतर मंगलाष्टकात करकर करकर.

उंबरठा
माझी टाच धडधाकट आहे, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलंय. डॉक्टर त्याला बनियन म्हणतात. त्यामुळे कोल्हापुरीचा अंगठा घालताच येत नाही, टोकदार बेली तर दुरूनच नमस्कार. मी रुंद पट्ट्याची, समोरून मोकळी घेते आणि आमच्या नाक्यावरच्या चांभारकाकांकडे देते. ते पट्टा उसवून हाडापाशी सैल करून परत शिवतात. वर टिकल्यांची लेस लावून घेतली. नणंदेला वाटलं डिझायनर आहे, मी काही बोलले नाही.

जोडव्यांचा त्रास होतो का कुणाला? लग्नात पाय सुजतात आणि जोडवी रुततात. मागच्या वेळी साबण लावून काढली.

कुंपणावरची
उंबरठा, हो गं! मी आता उघड्या कडीची घेतलीत, दाबून सैल करता येतात. सासूबाई गेल्या तेव्हापासून समारंभापुरतीच घालते. (जिवंत असत्या तर हे लिहायची हिंमत नव्हती.)

दुसरी_पंगत
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? शेरवानीवरच्या मोजड्यांबद्दल बोलायचंय. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा नसतोच, दोन्ही पायताणं सारखी, घालून घालून ती आपल्या पायाची होतात. हे दुकानदार सांगत नाही. वरातीत नवी कोरी घालून नाचलो, दोन्ही करंगळ्या सोलल्या. सप्तपदीला कुठे अनवाणी झालो आणि जीव भांड्यात पडला. मेव्हण्यांनी मोजड्या पळवल्या तर म्हटलं ठेवा, पैसे नाही देणार.

भरलं_वांगं
हे चप्पल पळवणं आपल्यात कधीपासून आलं हो? आपली कानपिळी होती ती काय वाईट होती?

दुसरी_पंगत
कानपिळीही झाली. अंगठीही गेली.

सांजवात
गमतीत चाललंय पण एक गंभीर लिहिते. बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, पावलं बधिर. माझ्या लग्नात हौसेनं नवे चकचकीत बूट घातले. दिवसभर तक्रार नाही, कारण दुखलंच नाही. रात्री मोजा काढला तर टाचेपाशी रक्त. ती जखम भरायला महिने लागले. घरात मधुमेह असेल तर नवे बूट समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका, तासभर घालून काढून पाय बघायचे. घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असला तरी त्यांना कळत नाही. आता एमसीआरचे (मऊ रबरी तळाचे), मागून पट्ट्याचे काळे सँडल करून घेतलेत. धोतरावर चांगले दिसतात खरं तर. नंतरच्या कार्यात मांडवात अनवाणी फिरायचं नाही हे गुरुजींना आधीच सांगितलं, त्यांनी लगेच पाट बाजूला ठेवून खुर्ची दिली.

रानजाई
सांजवात, हे वाचून आईला लगेच फोन केला. ती देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालते, शुगर असून. ऐकत नाही.

सांजवात
तळवा बंद होईल असे जाड मोजे. बाबांना "थंडी वाजेल" म्हणून घालायला लावले.

खिडकीतून
इकडे न्यू जर्सीत जानेवारीत लग्न असलं की बर्फात गमबूट, हॉलमध्ये पोचल्यावर बदलायचे. त्यामुळे पिशवीत दुसरा जोड असणं इथे सगळ्यांना अंगवळणी आहे. तीच युक्ती तिकडे करा: स्टेजवर जायची एक, बाकी वेळची एक. पिशवी भाचीकडे द्या.

नाक्यावरचा
महागाची घेऊच नका, कार्यालयाच्या बाहेर राहत नाही. माझी पद्धत: एक चप्पल डाव्या ढिगात, एक उजव्या. चोराला जोडी लागत नाही.

भरलं_वांगं
आणि तुम्हाला लागते?

नाक्यावरचा
एकदा उजव्या ढिगातली केटररच्या माणसांनी टेम्पोत टाकली. तो विषय नको.

उंबरठा
रानजाई, ब्लाउज कुणाकडे टाकलास? ठाण्यात असेल तर सांग, माझ्या शिंपीणबाई गावाला गेल्यात आणि मार्गशीर्षात दोन मुंजी आहेत.

रानजाई
डोंबिवलीत आहे गं. बाही पफची शिवून ठेवलीये, मी साधी सांगितली होती. उद्या जाऊन भांडते, येताना वेजवाली बघून येते, संध्याकाळीच.